विहिरीत सोडलेला कॅमेरा

पाण्याखाली चालणारा कॅमेरा सेकंडहँड घ्यायचा असेल, तर आधी बॅटरीच्या झाकणातली रबरी रिंग बघावी. ती बोटाला मऊ लागली पाहिजे. वाळून कडक झाली असेल किंवा तिला चिरा गेल्या असतील, तर विकणारा कितीही गोड बोलला तरी 'विचार करून सांगतो' म्हणून उठावं. बिजागरीत पांढरं काही साठलेलं दिसलं तर ते समुद्राचं मीठ समजावं. आणि घरी आणल्यावर उत्साहाच्या भरात लगेच पाण्यात सोडू नये. बॅटरी काढून, आत टिश्यू पेपरचा तुकडा ठेवून बादलीत बुडवावा आणि नंतर तो तुकडा कोरडा आहे का ते बघावं. हे सगळं ज्ञान मला दोन कॅमेरे वाया घालवल्यावर झालं.

मी नेवाशाच्या एका हायस्कूलमध्ये भूगोल शिकवतो आणि राहतो देवळाली प्रवराला. रोजचं जाणं-येणं सोनईवरून, मोटारसायकलवर. समुद्र मी पाहिलाय तो फक्त शाळेच्या सहलीत, तोही पोरं पाण्यात लांब जाऊ नयेत म्हणून शिट्टी वाजवत. पण पन्नाशी जवळ आली की माणसाला एखादं खूळ लागतंच. माझ्या बरोबरीच्या एकाला देशी गायींचं लागलं, दुसऱ्याला पहाटे पळायचं. मला मोबाईलवर पाण्याखालचे व्हिडिओ बघायचं लागलं. शाळेतून आलो की हातात चहा आणि समोर मासे. बायको म्हणायची, "आता तुमी त्यांच्यातच जाऊन ऱ्हावा."

बघून बघून आपणही असं काहीतरी काढावं असं वाटायला लागलं. नवा कॅमेरा परवडणारा नव्हता, म्हणजे परवडला असता, पण घरात सांगायची हिंमत नव्हती. जुना स्वस्तात मिळतो हे कळल्यावर हिंमत आली. तरी बायकोनं विचारलंच, की आपल्या भागात पाण्याखाली बघण्यासारखं आहे काय? मी म्हणालो, "विहीर. आप्पांना विहीर दाखवायची आहे."

हे मी त्या क्षणी जुळवलेलं होतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, अर्धांगवायूचा झटका आल्यापासून ओसरीतल्या कॉटवर होते. उजवा हात आणि बोलणं शाबूत, बाकी शरीर दुसऱ्यांच्या हाती. रान गावापासून लांब, कालव्याच्या वरच्या अंगाला. तिथे ते पुन्हा गेलेच नव्हते. त्यांचं नाव घेतल्यावर बायकोनं विषय सोडून दिला. आजारी बापाला पुढे करून मी माझी हौस भागवत होतो, आणि मला ते तेव्हाही कळत होतं. कॅमेरा घ्यायचा होता म्हणून मी तिकडे बघितलं नाही इतकंच.

पहिला कॅमेरा कुरिअरनं आला. दिसायला झकास, पिवळाधमक. अंगणातल्या हौदात घातला आणि काचेवर आतून वाफ धरली. मग तो बंद पडला तो पडलाच. विकणाऱ्यानं फोन उचलणं सोडून दिलं. दुसरा शिंगणापूरला एका फोटोग्राफरकडून घेतला. दर्शनाला आलेल्यांचे फोटो काढणारा माणूस, गर्दीत उभ्या उभ्या सौदा झाला. त्याची रिंग चांगली होती, पण झाकणाची कडी गोंदानं चिकटवलेली होती, आणि ते मला घरी येऊन कळलं. बायको म्हणाली, "वार कोनता हुता?" शनिवार होता. शनिवारी लोखंड घेऊ नये, असं मानतात. मी म्हणालो, कॅमेऱ्यात लोखंड कुठे असतं? ती म्हणाली, "मंग बंद का पडला?" माझ्याकडे याचं भौगोलिक उत्तर नव्हतं.

तिसरा नगरच्या एका जोडप्याकडून घेतला. लग्नानंतर फिरायला जाताना घेतलेला, त्या एका प्रवासात वापरलेला. आता पोरगं झालंय, आता कुठलं पाणी, असं तो नवरा हसत म्हणाला. मी रिंग दाबून बघितली, बिजागरी बघितली, मीठ कुठे दिसलं नाही. त्यानं स्वतःचं कार्ड काढून घेतलं आणि मला रिकामा कॅमेरा दिला. घरी बादलीची परीक्षा झाली, कागद कोरडा निघाला. मला वाटलं, आता मी यातला जाणता झालो.

एवढं होईपर्यंत मी थापेत घेतलेलं आप्पांचं नाव खरं व्हायला लागलं होतं. बायकोनं आप्पांना सांगून टाकलं होतं की तुमच्यासाठी विहीर दाखवायचं यंत्र आणलंय. आणि आप्पा, जे जेवणाला सुद्धा मान वळवायचे नाहीत, ते रोज संध्याकाळी विचारायला लागले, "कवा सोडतो रं विहिरीत?"

आमच्या विहिरीविषयी सांगायला हवं. आजोबांनी ती खणायला घेतली आणि खालचा काळा कातळ आप्पांनी तरुणपणी स्वतः फोडला. पूर्वेच्या कोपऱ्यात कातळाला फट लागली आणि तिच्यातून झरा सुटला. आप्पा शिवारातले पट्टीचे पोहणारे. कुणाची कळशी पडली, कुणाच्या मोटारीचा पाना पडला, की त्यांना बोलावणं यायचं. मला पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधून त्यांनीच पोहायला शिकवलं. पुढे ते म्हणायचे, बुडी मारून झऱ्यावर हात ठेवून ये, तो गार पाण्यानं हात मागे ढकलतो, झऱ्यावरची वाळू नाचत असते. मी कधीही तळापर्यंत गेलो नाही. निम्म्यातूनच वर येऊन सांगायचो, लागला हाताला. ते खूष व्हायचे.

त्यांचा सगळा राग बोअरवर. शिवारात बोअरची गाडी आली की ते जेवण टाकून तिथे जायचे आणि त्या मालकाला सांगायचे, "आरं, त्यो खालनं वढतो. झरं मरत्यात." लोक हसायचे. आपल्या रानात बोअर घ्यायचा नाही, हे त्यांनी मला एकदा नाही, कितीतरी वेळा बजावलं होतं, आणि मी प्रत्येक वेळी हो म्हणालो होतो.

ते कॉटवर पडले त्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं. ऊस उभा होता. मी बोअर घेतला. पूर्वेच्याच तुकड्यात, विहिरीपासून हाकेच्या अंतरावर. पाणी लागलं, पण धार बारीक, म्हणून ते पाइपनं विहिरीत सोडलं आणि तिथून मोटारीनं उसाला. आता सगळे असंच करतात. विहीर भरलेली राहायला लागली. आप्पांना मी एवढंच सांगितलं की विहिरीला पाणी भरपूर आहे. यात शब्दानं खोटं काहीच नव्हतं. भूजलाचा धडा मी दरवर्षी शिकवतो, फळ्यावर खडकाचे थर काढतो, बोअरमुळे आसपासच्या झऱ्यांचं काय होतं ते पोरांना वहीत लिहायला लावतो. त्यामुळे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

एका रविवारी कॅमेरा विहिरीत सोडला. नायलॉनची दोरी, उजेडासाठी कॅमेऱ्याला बांधलेली पाण्यात चालणारी बॅटरी, खाली ओढायला एक जड नट. चालू करून सोडायचा, अंदाजानं कोपऱ्याकडे न्यायचा, वर काढायचा आणि मग बघायचं. पहिल्या दोन वेळा नुसता हिरवा धूर. तिसऱ्यांदा बोअरचा पाइप बंद ठेवला, पाणी निवळू दिलं, आणि दोरी सावकाश सोडली.

त्या बारक्या स्क्रीनवर मला विहिरीच्या कडेचे दगड दिसले, त्यांच्यातून आलेली पिंपळाची मुळं दिसली, कुणाची तरी चप्पल, पूजेचा नारळ. मग काळा कातळ आला आणि त्यातली फट. आयुष्यात पहिल्यांदा मी ती बघत होतो. फटीवर गाळ बसलेला होता. अगदी सारखा, हात न लागलेला. त्यावर एक प्लास्टिकची पिशवी पडली होती आणि ती हलत नव्हती. मी पुन्हा पुन्हा लावून बघितलं. तळाशी जराही पाणी येत असतं तर तो गाळ तसा बसला नसता.

मी विहिरीच्या काठावर बसून राहिलो. वाईट वाटत होतं, पण झऱ्याचं कमी. संध्याकाळी आप्पांना काय सांगायचं याचंच जास्त. मग मी कार्ड काढून शर्टाच्या खिशात ठेवलं. ठरवलं, कार्ड बिघडलं म्हणून सांगायचं. जुन्या वस्तूचं असंच असतं म्हणायचं. दोन कॅमेरे आधी बिघडलेले सगळ्यांना माहीत होतेच, तिसऱ्यावर विश्वास बसला असता.

घरी आलो तर आप्पांनी न्हाव्याला बोलावून दाढी करून घेतली होती. धुतलेली बंडी घातली होती. बायकोनं त्यांना उशांना टेकवून बसवलं होतं. मी म्हणालो, आप्पा, काही निघालं नाही, कार्ड खराब झालं. त्यांनी हात पुढे केला. "आन हिकडं. चालू तर कर." मी कॅमेरा चालू केला, रिकामा स्क्रीन दाखवायला म्हणून बघायचं बटण दाबलं, आणि स्क्रीनवर चित्र आलं.

कार्ड काढलं तरी त्या कॅमेऱ्याच्या पोटात थोडी स्वतःची मेमरी असते, हे मला ठाऊक नव्हतं. नगरच्या त्या जोडप्यालाही नसावं. स्वच्छ पाणी, तळाला वाळू, आणि वाळूतून कण वर उसळत होते, फिरत होते, खाली बसत होते आणि पुन्हा उसळत होते. आप्पांचा एक डोळा मोतीबिंदूचा. दुसरा त्यांनी स्क्रीनजवळ नेला.

"वाळू नाचतीया," ते म्हणाले.

मी कॅमेरा त्यांच्या डोळ्यासमोर धरून ठेवला. ते म्हणाले, "आपली वाळू येवडी पांढरी कशी दिसती?"

"बॅटरीच्या उजेडानं दिसते तशी," मी म्हणालो.

हे मी ठरवून बोललो नाही, पण बोललो.  आप्पांच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं ते त्यांनी पुसलंही नाही. इतक्यात चित्रात एक पाऊल आलं, बाईचं, बोटांना लाल नेलपॉलिश. ती बोटं वाळूत खुपसून हलवत होती, कण उडत होते ते त्यामुळे. मी घाईनं बटण दाबलं. डोळ्यांतल्या पाण्यामुळे आप्पांना ते दिसलं नाही. माझ्या मागे उभ्या असलेल्या बायकोला दिसलं.

स्वयंपाकघरात ती हळू आवाजात म्हणाली, "ती आपली विहीर न्हवती." मी म्हणालो, उद्या सांगतो त्यांना. ती म्हणाली, "सांगा बरं का." दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो, आलो, आणि आप्पांनी कॅमेरा मागितला. मी तो लावला आणि पाऊल यायच्या आत बंद केला. मग ते रोजचंच झालं. कुठे थांबायचं ते माझ्या बोटाला पाठ झालं. त्यांची भूक सुधारली, ते बोलायला लागले, आणि आलेल्या गेलेल्याला सांगायला लागले की माझा झरा जिवंत आहे. त्यांना इतकं आनंदात मी बऱ्याच काळानंतर बघत होतो, आणि तो आनंद मी कुणा परक्या बाईच्या पायाच्या बोटांवर चालवत होतो. लाज वाटायची. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा कॅमेरा चार्जिंगला लावायचो.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी स्वतःची समजूत घातली असती. म्हाताऱ्या माणसाला समाधान मिळालं, कुणाचं काय गेलं, असं. पण आप्पांनी बायकोकडून फोन लावून घेतला आणि आत्याला बोलावलं.

आत्या म्हणजे त्यांची एकुलती धाकटी बहीण. दिली गावातच, नाल्यापलीकडे तिच्या नवऱ्याचा छोटा तुकडा. नवरा गेला, मूलबाळ नाही. त्या तुकड्यात तिची लिंबाची बाग. आजोबा गेल्यावर तिनं रीतीप्रमाणे राहुरीला जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली होती, म्हणजे बापाच्या जमिनीवरचा हक्क भावाला सोडून दिला होता. आमच्याकडे बहिणी करतातच, न करणारीला लोक नावं ठेवतात. तिला साडीचोळी केली, पुरणपोळीचं जेवण झालं. त्या पंगतीत आप्पा म्हणाले होते, "जमीन दिलीस, आता पान्याला कवा न्हाई म्हननार न्हाई." पुढे एका कोरड्या वर्षी ती मागायला आली, तेव्हा विहिरीला आमच्यापुरतंच होतं. ते नाही म्हणाले. तिनं पुन्हा कधी मागितलं नाही. दिवाळीला येत राहिली, ओवाळत राहिली. ते नाही म्हणणं आप्पांच्या मनातून गेलेलं नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

ती आली, कॉटशेजारी बसली. आप्पा म्हणाले, "तुझ्या लिंबाचं कसं हाय?"

"वाळत्यात," ती म्हणाली. तिची विहीर फेब्रुवारीतच तळाला गेली होती. "तोडनाऱ्याला सांगितलंय. बुधवारी येतो म्हनला. काढून टाकते आन् जवारी पेरते, जमलं तर."

"तोडू नको. पाइप टाक. माज्या झऱ्याचं पानी घे." मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ह्याला इचारायचं न्हाई. झरा माजा हाय, म्या फोडलाय. दाव रं तिला."

मी दाखवला. आत्यानं पदरानं डोळे पुसून बघितलं आणि भावाच्या पायावर हात ठेवून बसली. आप्पा भिंतीकडे बघत होते. मी पाऊल यायच्या आत बंद केला. बायको चहा ठेवून निघून गेली. त्या रात्री ती माझ्याशी बोलली नाही, आणि मला तेच बरं वाटलं.

बुधवारी झाडं तोडणारा आला आणि आत्यानं त्याला परत पाठवलं. शाळेतून येताना मी ते ऐकलं. लिंबाचं झाड एकदा पुरतं वाळलं की त्याला पुन्हा पाणी देऊन उपयोग नसतो. वेळेत काढलं असतं तर निदान रान मोकळं झालं असतं, पाऊस आला की काही पेरता आलं असतं. आता ती एका मेलेल्या झऱ्याच्या भरवशावर बाग धरून बसली होती, आणि पाइपसाठी कुणाकुणाकडे बोलत होती. मी रोज ठरवायचो की आज सांगायचं. आप्पांना सांगितलं तर त्यांचं काय होईल, या विचारानं गप्प बसायचो. नाही सांगितलं तर आत्याचं काय होईल, या विचारानं झोप उडायची. वर्गात भूजलाचा धडा आला तेव्हा मी तो ओलांडून पुढचा घेतला. एका मुलीनं विचारलं, सर, हा राहिला. मी म्हणालो, सोपा आहे, घरी वाचा.

शेवटी एका संध्याकाळी नाल्याच्या रस्त्यानं येताना मला आत्या दिसली. बांधाच्या कडेनं ती स्वतः पाइपसाठी चर खोदत होती. सत्तरीची बाई, पदर कमरेला खोचलेला. कुदळ मारायची, थांबायची, कमरेला हात लावायचा, पुन्हा मारायची. मी मोटारसायकल लावली आणि तिच्याकडे गेलो. आणखी उशीर केला असता तर मी पुन्हा सरळ घरी गेलो असतो.

"आत्या, थांब. खोदू नको," मी म्हणालो.

ती मातीच्या ढिगावर बसली. मी तिला सगळं सांगितलं. कॅमेऱ्याचं, कार्डाचं, नगरच्या जोडप्याचं, त्या पावलाचं सुद्धा. झरा मेलाय हे सांगितलं. बोअरचं सांगितलं, आप्पांना माहीत नाही हेही. बोलता बोलता मी तिला समजावून द्यायला लागलो, की खडकातलं पाणी कसं खाली जातं, झरा कसा तुटतो, हे कसं सगळीकडे होतंय. वर्गात बोलतो तसं बोलत होतो. माझा आवाज मलाच नकोसा झाला, पण थांबता येत नव्हतं. मी सांगतोय म्हणजे आता माझ्यावरचं उतरतंय, असं मला वाटत होतं. ती ओरडेल, निदान रडेल, अशी मी वाट बघत होतो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजी विहिरीत पानी न्हाई?"

"पाणी आहे. पण झऱ्याचं नाही ना. ते बोअरचं आहे."

"बोअर कुठं घेतलास?"

"पूर्वेच्या तुकड्यात."

 पूर्वेचा तुकडा तिच्या वाटणीला आला असता, हे ती बोलली नाही. मला ते कधी सुचलंच नव्हतं, आणि आता बांधावर उभ्या उभ्या सुचलं.

"मंग?" ती म्हणाली.

मला पहिल्यांदा तिचा प्रश्नच कळला नाही. मी इतके दिवस झोप घालवून विचार केला होता, की आप्पांना सांगू की नको, हिला सांगू की नको, खरं बोलू की खोटं. विहीर काठोकाठ नसली तरी भरलेली होती. तिच्यात माझा पाइप रोज पडत होता. झरा मेला म्हणून आत्याला पाणी नाही, हे मी धरूनच चाललो होतो. तिला मोटार लावून पाणी देता येईल, हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. खोटं बोलल्याचा अपराध मी एवढा जपून वागवत होतो, की त्याच्या खालचा, तिला पाणी न दिल्याचा अपराध दिसायला जागाच उरली नव्हती.

मी म्हणालो, धार बारीक आहे, उसालाच जेमतेम पुरतं. तोंडातून ते आपोआप आलं, आणि आल्याबरोबर मला कळलं की हे उत्तर तिनं आधी एकदा ऐकलेलं आहे. माझ्या बापाकडून. ती उठली, कुदळ उचलली, चराकडे बघून म्हणाली, "बरं बाबा. मंग तोडनाऱ्याला परत सांगावं लागंल."

"नको सांगू," मी म्हणालो. "उसाचा एक पट्टा कमी करतो. पाइप मी टाकतो."

तिनं लगेच हो म्हटलं नाही. तिनं कुदळ खाली टेकवली. मग म्हणाली, "दादाला झऱ्याचंच सांग. त्यानं दिलंय, आसंच ऱ्हाऊ दे." मी म्हणालो, आत्या, ते खोटं आहे. ती म्हणाली, "तुझं खोटं तू निस्तर. मला माज्या भावानं पानी दिलं, यवढं मला पुरं." मी तिच्या हातातली कुदळ घेतली आणि अंधार पडेपर्यंत चर खोदला. हाताला फोड आले. त्यानं बरं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

उसाचा पट्टा मोडला. बायकोनं का म्हणून विचारलं नाही, नुसती माझ्याबरोबर पाइप ओढायला आली. पाणी लिंबांपर्यंत पोचलं त्या दिवशी आत्यानं तिथूनच आप्पांना फोन केला. मी घरी कॉटशेजारी बसलो होतो, फोन मीच त्यांच्या कानाशी धरला होता. पलीकडून आळ्यात पडणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता. आप्पा बराच वेळ नुसते ऐकत राहिले.

फोन ठेवल्यावर त्यांनी उजव्या हातानं माझा हात धरला. म्हणाले, "तू ऐकलंस माजं, बोअर घेतला न्हाईस. घेतला आस्तास तर झरा मेला आस्ता, आन् तिला द्यायला आपल्याकडं काय ऱ्हायलं आस्तं?"

मी म्हणालो, "हो आप्पा." त्यांनी हात सोडला नाही. मग मला कॅमेरा आणायला सांगितलं.